ऑक्सिजनला चूलबंद आवतन

आमच्या शाळेत ज्याला जे उत्तम येतं ते त्याला करू द्यायचं नाही, अशी रीत आहे. चित्रकलेच्या बाईंकडे पोषण आहाराची खिचडी आहे, शिपाई संघपालचं अक्षर मोत्यासारखं म्हणून त्याला फळ्यावर सुविचार लिहायला मनाई आहे. मी मराठी शिकवतो, ते मला फारसं येत नसावं; कारण मला अजून कोणी हलवलेलं नाही. तेव्हा बिभीषण सरांचं जे झालं त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. राग मात्र आला, आणि तो अजून गेलेला नाही.

शाळा आष्टीपासून जरा आडबाजूला आहे. बिभीषण तिथं खेळ शिकवायचा. घराणं मेंढरांचं. वडिलांच्या काळापर्यंत वाड्यात मेंढरं होती, आता थोडं रान आणि ही नोकरी. उंच, काळा, चालताना सुद्धा पळायच्या बेतात असल्यासारखा. गळ्यात शिट्टी कायम; स्वतःच्या लग्नात हळद लागली तेव्हाही ती काढली नव्हती, असं त्याची बायको उषा सांगते. आवाज असा, की मैदानावर 'खो' म्हटलं तर वेशीवरची कुत्री उठून बसायची.

मैदानावरचे खो-खोचे दोन खांब त्यानं स्वतः आणले होते. बाभळीचे. पोरींच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून काचेच्या तुकड्यानं घासून घासून गुळगुळीत केले. दर सोमवारी सकाळी चुन्यानं पाट्या, म्हणजे पोरींनी बसायचे-पळायचे पट्टे, आखायचा. ज्या घरातल्या पोरी बाजाराला मंठ्याला सुद्धा एकट्या जात नव्हत्या, त्या पोरींना घेऊन तो एस.टी.नं जालन्याला गेला आणि मंठ्याच्याच संघाला हरवून आला. त्यातली तृप्ती सगळ्यात चपळ. तिची आई मालनबाई लोकांच्या रानात कापूस वेचायला जाते. पोरगी खांबाला हात लावून वळली की पुढचीला ती कुठून आली ते कळायचंच नाही.

एवढं सगळं बरं चाललेलं असताना विज्ञानाच्या सरांना दुसरीकडं नोकरी लागली आणि ते गेले. हेडसरांनी बिभीषणला बोलावलं. मी तिथंच बसलो होतो.

"दहावीचं विज्ञान तुम्ही घ्या," हेडसर म्हणाले.

"सर, मी खेळाचा माणूस हाय."

"शरीराचाच अभ्यास केला ना तुम्ही? शरीर हे विज्ञानच आहे. शिवाय तुमचा आवाज मोठा आहे. वर्ग शांत राहतो."

विज्ञान शिकवायला आवाज लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"आन् मैदान?"

"या वर्षापुरतं बंद. खेळाचे तास विज्ञानाला देऊ. निकाल लागला, नवा माणूस आला, की तुमचं मैदान तुम्हाला. माझा शब्द आहे."

हेडसरांचा शब्द म्हणजे उन्हाळ्यातला नळ, येतो म्हणतात. पण बिभीषण भोळा. त्यानं मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "एका वर्षाचाच सवाल हाय सर. मैदान वापस भेटतंय ना, बास."

फुप्फुसं, हृदय, रक्त हे त्याला यायचंच. विजेचा धडाही त्यानं रेटला. मग रासायनिक समीकरणं आली आणि गाडी रुतली.

समीकरण म्हणजे मध्ये एक बाण. डावीकडं जे पदार्थ एकत्र आले ते, उजवीकडं त्यातून जे झालं ते. दोन्हीकडचे अणू सारखे भरले पाहिजेत. वाटेत कोणी हरवत नाही आणि नवीन कोणी येत नाही. एवढं त्याला कळलं, आणि फारच आवडलं. हे गुणफलकासारखं आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. दोन्ही संघांचे गुण बरोबरीत आणायचे.

पहिल्या दिवशी त्यानं फळ्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं ते लिहिलं. हायड्रोजन दोन, इकडं दोन, ठीक. ऑक्सिजन डावीकडं दोन, उजवीकडं पाण्यात एकच. त्यानं बिलकुल विचार न करता पाण्यातल्या O च्या पायाशी एक बारका २ ठोकला. H₂O चं H₂O₂ झालं. दोन्हीकडं बरोबरी. त्यानं शिट्टी वाजवली.

वर्गानं ते वहीत उतरवलं. तृप्ती तेवढी उठली.

"सर, हे पाणी न्हाई राह्यलं."

"काऊन?"

"आपल्या पेटीतल्या बाटलीवर हेच लिहेल हाय. जखमेवर टाकता ते. फेस येतो ते."

बिभीषणनं खेळाच्या साहित्यातली औषधाची पेटी मागवली. बाटली निघाली. तिच्यावर तेच लिहिलेलं होतं. गेली कित्येक वर्षं तो पोरींच्या सोललेल्या गुडघ्यांवर हेच ओतत आला होता, आणि सगळ्यात जास्त तृप्तीच्या. पोरींना तहान लागली तर प्यायला काय द्यायचं, असा प्रश्न मागच्या बाकावरून कोणीतरी विचारला. पूर्ण तास हसण्यात गेला.

तो मात्र हसला नाही. त्या दिवसापासून त्याला त्या बारक्या आकड्यानं पछाडलं. मोबाईलवर शिकवण्या बघायचा. त्यातला माणूस अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत, भरधाव बोलायचा आणि दर वाक्याला 'एकदम सोपं आहे' म्हणायचा. जे आपल्याला जमत नाही ते सोपं आहे असं वारंवार ऐकणं फार वाईट. उषावहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, जेवताना घास हातात धरून हवेत आकडे काढून राह्यले. सासूबाई म्हणतेत बाहेरचं काही लागलं, जांबच्या देवाला नेऊन आणा."

नियम त्याला पाठ होता: खालचा बारका आकडा बदलायचा नाही, रेणूच्या पुढं मोठा आकडा टाकायचा. पण का, ते उमगत नव्हतं. आणि त्याचा स्वभाव असा, की का ते कळल्याशिवाय पोरांना सांगायची त्याला लाज वाटायची. आम्ही बाकीचे त्या लाजेतून केव्हाच मोकळे झालेलो आहोत.

मी त्याला व्यवहाराचा सल्ला दिला. "कशाला जीव जाळता? निकाल पडू द्या. विज्ञान बुडालं की हेडसर स्वतः तुम्हाला मैदानावर हाकलतील."

हे खरंच होतं आणि त्यालाही ते कळत होतं. त्यानं मैदानाकडं बघितलं. पाटीवर गाजरगवत उगवलं होतं आणि दोन खांबांच्या मध्ये हेडसरांची मोटारसायकल उभी होती.

"तृप्तीला पुढं सायन्सला जायचंय सर. नर्स व्हायचं म्हणते. तिला आऊट करून मी माझं मैदान जिंकू?"

सल्ला चांगलाच होता, माणूस चुकीचा निघाला.

तुळशीची लग्नं झाली आणि बिभीषणच्या पुतणीचं लग्न निघालं. आमच्याकडं भावकीला लग्नाचं आवतन असतं ते चूलबंद. म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांना. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही, चिमणं पोर सुद्धा मांडवातच जेवतं. आवतन द्यायचं काम बिभीषणकडं आलं, कारण आवाज. पंगतीचं कामही त्यानंच ओढून घेतलं. कित्येक महिने मैदान नव्हतं ना. पठ्ठ्यानं मांडवात सुतळी धरून चुन्यानं पंगतीच्या रेषा आखल्या! पत्रावळ रेषेबाहेर गेली की शिट्टी.

पहिली पंगत भरत आली, तीन पानं रिकामी राहिली. त्याला रिकामी जागा बघवत नाही. तो तडक बिरूकाकांच्या दारात गेला. बिरूकाका म्हणजे त्याच्या वडिलांचे चुलतभाऊ, भावकीतले वडीलधारे, घरात माणसांचं खटलं.

"काका, तुमच्यातले तिघं जल्दी पाठवा. बाकीचे मागच्या पंगतीला येऊ द्या."

"कोणते तिघं?" काकांनी विचारलं.

"कोणतेबी. जागा तिघांचीच हाय."

काका "बरं" म्हणाले. आमच्या भागात वडीलधारा माणूस नुसतं "बरं" म्हणाला की समजून जावं. बिभीषण समजला नाही. तो परत येऊन वांग्याच्या भाजीची बादली घेतो न घेतो तोच मांडवातल्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. बिरूकाकांच्या घरातून धूर निघत होता.

लग्नाच्या दिवशी भावकीच्या घरातून धूर! सगळ्या पंगतीचे हात थांबले. नवऱ्याकडची मंडळी विचारायला लागली. नवरीचा बाप, म्हणजे बिभीषणचा थोरला भाऊ, चपला न घालता पळत सुटला. मागं बिभीषण, आणि बघायला म्हणून मी.

काकांनी स्वतः चुलीपुढं बसून पिठलं टाकलं होतं. वर बघितलं सुद्धा नाही.

"काका, चूक झाली. चला," बिभीषण म्हणाला.

"बिभीषणा, आवतन घराला असतं. माणसं मोजून न्यायला आम्ही काय बाजारातल्या बकऱ्या हाव का? तिघं पाहिजेत म्हणे. घर फोडून आवतन देतेत का कुठं?"

"तिथं तीनच पानं..."

"ती तुही अडचण. येईल तर सगळं घर येईल. न्हाई तर पिठलं झालंच हाय."

बिभीषणनं पाय धरले. काकांनी चुलीवर पाणी मारलं. मग सगळं घर निघालं. माहेरपणाला आलेली लेक आणि तिची पोरं सुद्धा. आता तीन पानांत हे कसे मावणार? उरलेल्यांसाठी दुसरी पंगत मांडावी लागली. दुसरी मांडली तर तिच्यात जागा उरल्या. त्या भरायला शेजारचं घर बोलवावं लागलं. तेही अर्धं नाही, पुरतं. त्यातले काही उरले, मग तिसरी. असं करता करता एका वेळेला सगळ्या पंगती काठोकाठ भरल्या. एक पान रिकामं नाही, एक माणूस उभा नाही.

बिभीषण बुंदीचं पातेलं घेऊन माझ्यासमोर आला आणि तसाच थांबला. वाढायची पळी वर, आणि नजर दुसरीकडं कुठंतरी.

"सर," तो ओरडला, "ऑक्सिजन!"

कोणाला तरी भोवळ आली असं समजून दोघंजण पाण्याचा तांब्या घेऊन धावले. मला बुंदी मिळाली नाही ती नाहीच.

सोमवारी मी त्याच्या वर्गाबाहेर मुद्दाम रेंगाळलो. तो फळ्याशी उभा होता.

"हे ऑक्सिजनचं घर. घरात दोघं भाऊ. इकडं पाण्याला एकच पाहिजे. एकाला बोलवू?"

"न्हाई सर!" अख्खा वर्ग ओरडला. लग्नाचा धूर सगळ्या गावानं बघितला होता.

"काऊन?"

"चूल पेटवतील!"

"बराबर. मंग दोघंबी येतील. एक उरला. त्याच्यासाठी काय करावं लागंल?"

"दुसरी पंगत," तृप्ती म्हणाली.

"म्हंजे पाणी एक न्हाई, दोन. आता हायड्रोजन किती लागले? चार. हायड्रोजनच्या एका घरात दोघं. मंग घरं किती सांगायची? दोन." त्यानं खडूचा तुकडा पायाशी असलेल्या आकड्यावर टेकवला. "हा खालचा बारका आकडा म्हंजे घरातली माणसं. त्याला हात लावायचा न्हाई. माणसं कमीजास्त केली की ते घरच राहत न्हाई. पाण्याचं औषध होतं, आपण बघितलंच. हा पुढचा मोठा आकडा म्हंजे किती घरांना आवतन दिलं. तेवढंच आपल्या हातात हाय."

त्यानंतर त्या वर्गाला काही सांगावं लागलं नाही. तृप्तीनं अमोनियाचं गणित उभ्या उभ्या सोडवलं: नायट्रोजनचं एक घर, हायड्रोजनची तीन, आणि अमोनियाच्या पंगती दोन. पोरं घरी जाऊन आज्यांना समीकरणं विचारायला लागली, आणि आज्या बरोबर सांगायला लागल्या नाहीत, पण भांडायला मात्र बसायच्या. कोणत्या घराला आधी बोलवायचं यावरून. एकदा हेडसर वर्गावरून जाताना त्यांना 'भावकी' हा शब्द ऐकू आला. त्यांनी बिभीषणला समज दिली की विज्ञानात जातीपातीचं काही आणू नका.

सगळा हिवाळा तो असा शिकवत राहिला. खेळाच्या तासाला सुद्धा. मधूनच खिडकीतून बाहेर बघायचा आणि खडू शिट्टीसारखा ओठांकडं न्यायचा. एवढं एक वर्ष, असं मला न विचारता सांगायचा.

दहावीचा निकाल लागला. विज्ञानात सगळा वर्ग पास. असं आमच्या शाळेत पूर्वी झालेलं नव्हतं. तृप्तीचे गुण बघून मालनबाईंनी शाळेच्या पायरीवरच डोळ्याला पदर लावला. हेडसर म्हणाले, "मी हा माणूस आधीच ओळखला होता." संस्थेच्या अध्यक्षांनी मंठ्याहून फोन केला. शाळा उघडली त्या आठवड्यात सत्कार ठरला.

बिभीषण इस्त्रीचा शर्ट घालून आला, आणि वर शिट्टी. पिशवीत चुन्याची पुडी होती. मला दाखवून म्हणाला, "कार्यक्रम झाला की पाट्या आखतो. एक वर्ष झालं सर."

सत्काराचा बॅनर खो-खोच्या दोन खांबांना बांधला होता. त्यावर त्याचा फोटो, आणि खाली 'आदर्श विज्ञान शिक्षक'. शाल झाली, नारळ झाला. मग अध्यक्ष बोलायला उठले. म्हणाले, ज्या शाळेत बिभीषण सरांसारखे विज्ञानाचे शिक्षक आहेत, तिथं नवीन माणूस कशाला पाहिजे? त्यांना कायमचं विज्ञान देत आहोत. टाळ्या. आणि त्यांच्या यशाचा मान म्हणून संस्था या मैदानावर सुसज्ज प्रयोगशाळा बांधणार आहे. पुन्हा टाळ्या. पहिली कुदळ सरांच्याच हातून पडेल, आत्ता, याच मुहूर्तावर.

मी बिभीषणकडं बघितलं. त्याचं तोंड माझ्यानं बघवेना. हेडसर टाळ्या वाजवत होते, इतरांपेक्षा जरा जास्तच. त्यांच्या शब्दाबद्दल विचारावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. नोकरी मलाही आहे.

संघपालनं हळदकुंकू लावलेली कुदळ आणून दिली. बिभीषण माझ्या कानाशी म्हणाला, "सर, डावीकडं मैदान होतं. उजवीकडं दिसंना. हरवत तर काही न्हाई म्हणतेत." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो कुदळ घेऊन खाली उतरला आणि थांबला. दोन खांबांच्या मधल्या पाटीवर आठ पोरी बसल्या होत्या. एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, खो-खोत बसतात तशा. वर्षभरात चुन्याचा मागमूस राहिला नव्हता, पण एकीचीही जागा चुकली नव्हती. चौघींची पाठ अध्यक्षांकडं होती. मधोमध तृप्ती; शाळा सुटली तरी सरांच्या सत्काराला आलेली.

"सर, उठवा त्यांना," हेडसर हळू आवाजात म्हणाले.

"खो मिळाल्याबिगर त्यांना जागा सोडता येत न्हाई. नियम हाय," बिभीषण म्हणाला.

अध्यक्षांना परतूरला दुसरा कार्यक्रम होता. ते घड्याळ बघायला लागले. हेडसरांनी तडजोड काढली. "बरं, मधली एकच उठवा. कुदळ मारण्यापुरती जागा झाली तरी पुरे."

तृप्तीनं मान सुद्धा वळवली नाही. "हेडसर, एकटी कोणी उठत न्हाई. आमचं चूलबंद हाय."

मागं बसलेला दहावीचा नवा वर्ग हसला. गावकऱ्यांत बिरूकाका होते, त्यांनी मिशीवरून हात फिरवला. हेडसरांचा चेहरा लाल झाला.

"मग द्या ना खो! सगळ्यांना द्या! शिट्टी गळ्यात कशाला लटकवलीय?"

बिभीषणनं शिट्टी हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा ती गळ्यातून काढली आणि हेडसरांच्या हातावर ठेवली.

"मी विज्ञानाचा मास्तर हाय सर. कायमचा. खो द्यायला खेळाचा मास्तर बोलवा."

हेडसर शिट्टी धरून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मराठीचा माणूस. मी बॅनरवरचं शुद्धलेखन तपासायला लागलो. अध्यक्षांनी नारळ मंचाच्या पायरीवरच फोडला आणि ते परतूरला गेले.

बिभीषणनं कुदळ संघपालला परत दिली, पिशवीतली चुन्याची पुडी काढली आणि खांबापासून रेष ओढायला सुरुवात केली. पोरींनी पाय आखडून त्याला वाट दिली.